चोक निघाल्यावर

मला घाणीची किळस येते. लहानपणापासून येते. आणि नशीब असं की धंदा मिळाला तो घाणीचाच. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातले तुंबलेले पाईप आम्ही मोकळे करतो. आम्ही म्हणजे दादा आणि मी. धंदा बाबांनी सुरू केला, त्यांच्यामागे दादाने सांभाळला आणि मिसरूड फुटताच मलाही त्यात ओढलं. दुसरं काही जमेल असं माझ्याबद्दल कुणालाच वाटत नव्हतं, मलासुद्धा नाही.

लोकांना वाटतं, आमच्या कामात सगळ्यात वाईट ते संडास. साफ चूक. शिसारी आणतं ते स्वयंपाकघर. तळणीचं तेल, मांसाची चरबी, लोणी, ताटातलं खरकटं, हे सगळं गरम असताना निमूट वाहून जातं. पुढे थंड पाइपात पोचलं की रंग दाखवतं. थर धरतं, थरावर थर चढवतं. पिवळट, करडं, बोटाने दाबलं तर दबणारं. त्या वासाचे कपडे वहिनी घरात घेत नाही, दाराबाहेर बादलीत भिजवते. शहाण्या हॉटेलांत सिंकखाली जमिनीत एक लोखंडी टाकी असते, तेल पाइपात शिरण्याआधीच अडवायला. तिचं झाकण काढलं की वर जाडजूड साय असते. ती उलथण्याने कापून बादलीत भरायची. पहिला तुकडा उचलताना मी अजूनही तोंड फिरवतो. सवय होईल, असं दादा पहिल्या दिवशी म्हणाला होता. झाली नाही.

म्हणून मी आधी एक हातमोजा चढवतो, त्यावर दुसरा, नाकावर फडकं. माझा साबण वेगळा, टॉवेल वेगळा, पाण्याची बाटली वेगळी. कामावर मी कुणाच्या हातचं पाणीही घेत नाही, दादाच्या तर नाहीच नाही. कारण दादा उघड्या हातांनी टाकीत शिरतो. "मोज्यात हाताला काही कळत नाही रे," म्हणतो. मग हात पँटला पुसतो आणि हॉटेलच्या आचाऱ्याने पुढे केलेलं तळलेलं काहीबाही त्याच हाताने तोंडात टाकतो. एकदा त्यातलाच तुकडा त्याने माझ्या तोंडाजवळ आणला. मी भिंतीपर्यंत मागे सरलो. तो आचाऱ्याला म्हणाला, "बघा, आमचा साबण्या. नाकानं कांदे सोलतोय." तेव्हापासून धंद्यात मला सगळे साबण्याच म्हणतात. माझं लग्न झालेलं नाही. वहिनीचं म्हणणं, साबणाशी झालंय.

बाबा असेच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले. टाकीवर वाकलेले असताना छातीत कळ आली. पित्त झालंय, जरा वेळानं बघू, असं म्हणून भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. पन्नाशी नुकती उलटली होती. दादा जवळ होता, मी शाळेत. त्यानंतर माझी फी, माझे कपडे, माझी आजारपणं सगळं दादाने पाहिलं. आता दादा बाबांच्या त्याच वयाला पोचलाय. घरात हे कुणी बोलत नाही. पण दादा जिन्यावर दम घ्यायला थांबला की वहिनी हातातलं काम टाकून दाराशी येते, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळतो.

शेवटी वहिनीनेच त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. वडील कशाने गेले ते विचारलं, वय विचारलं आणि मग सहज धंदा विचारला. दादाने सांगितला. तिथेच सगळा घोळ झाला.

"अरे वा, मग तुम्हाला समजावणं सोपं," बाई म्हणाल्या. "रक्तवाहिन्या म्हणजे तुमचे पाईपच समजा. आत चरबीचा थर बसतो. तो वाढू नये म्हणून ही गोळी घ्यायची, रोज. खाण्यातलं तेलकट कमी करा, चाला, पण गोळी चुकवू नका."

दादा खूश. बाहेर पडल्यावर म्हणाला, "पहिल्यांदा कुणी डॉक्टर माणसासारखं बोललं बघ." मीही खूश झालो. आम्ही सगळेच मूर्ख. कारण पाईप म्हटल्यावर दादाच्या डोक्यात काय आलं असणार, ते मला तिथेच कळायला हवं होतं. तुंबलेल्या पाइपात आम्ही ॲसिड ओततो. आणि बाबांनी आम्हा दोघांना पहिला धडा दिला होता तो हा, की चोक निघाला की ॲसिड बंद. फार ओतलं तर ते पाईपच खातं. हा नियम आमच्या हाडीमाशी भिनलेला आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही रोग्याच्या मनात जे आलं नसतं ते दादाच्या मनात आलं. गोळी म्हणजे ॲसिड.

काही महिने त्याने जेवणानंतर इमानदारीत गोळी घेतली. मग रक्त पुन्हा तपासलं. आकडा छान खाली आला होता. वहिनीने त्या दिवशी गोड केलं. आम्ही सुटलो असं मला वाटलं.

सुटलो नव्हतो, हे मला एका हॉटेलात समजलं. मालक आमचं जुनं गिऱ्हाईक. पोट गल्ल्याला टेकलेलं, बोलणं असं की जगातलं सगळं आपल्यालाच ठाऊक. त्याचा पाईप आम्ही नुकताच मोकळा केला होता. मी टाकीतली शेवटची साय बादलीत भरत होतो आणि दादा हात पुसत त्याला आपलं नेहमीचं प्रवचन देत होता.

"मालक, तुंबल्यावर बोलावू नका. तुंबू नये म्हणून बोलवा. तुमची चूल रोज पेटते, तेल रोज खाली येतं. आज मोकळं दिसतंय म्हणून उद्या मोकळं राहणार आहे का?"

"आत्ता वाहतंय ना? मग बघू नंतर," मालक म्हणाला.

"नंतर!" दादाने माझ्याकडे बघून हात झाडले. "नंतर म्हणणाऱ्यांच्या फरशीवरच आम्ही गुडघे टेकून बसतो."

तेवढ्यात आचाऱ्याने तळलेल्या मांसाची बशी आणली. दादाने त्याच हाताने एक तुकडा उचलला. तेल त्याच्या हनुवटीवर ओघळलं.

"तुमचं ते कोलेस्टेरॉल होतं ना?" मालकाने विचारलं.

"होतं. आता नाही. चोक निघाला!" दादा तोंड भरलेलं असताना हसला. "गोळीपण बंद केली केव्हाच."

"झकास केलंत. अहो, त्या गोळ्यांनी माणूस खंगतो. माझ्या मेहुण्याचे पाय असे दुखायला लागले की बस. सगळा कंपन्यांचा खेळ आहे. सकाळी उपाशीपोटी लसूण चावा, हृदय घोड्यासारखं धावेल."

हा उंटावरचा शहाणा. स्वतःच्या पाइपात काय साठलंय ते याला कळत नाही आणि दुसऱ्याच्या हृदयाचं सांगतोय. आणि दादा मान डोलावत होता. ज्याने आत्ताच त्या माणसाला रोजची चूल आणि रोजचं तेल समजावलं, तोच! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. माझ्या हातात साय भरलेली बादली होती. ती दोघांच्या डोक्यावर उपडी करावी असं मला मनापासून वाटलं.

गाडीत बसल्याबरोबर मी तोंड सोडलं. "बंद केलीस? कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? रिपोर्ट चांगला आला ना? पाईप साफ झाल्यावर कुणी ॲसिड ओततं का? बाबांनी काय शिकवलंय?"

"बाबांनी! बाबा कसे गेले ते विसरलास?"

"ओरडू नकोस. शिवाय खांदा दुखायला लागला होता माझा. गोळीनंच."

"खांदा दुखतो कारण तू एवढी वर्षं पाइपात स्प्रिंग घालून चोक ओढतोयस! माझाही दुखतो. मी कुठे गोळी घेतो?"

"तू काय, उकडलेलं खाणारा," तो म्हणाला आणि गाणं लावलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या मिशीत तो तळलेला कण अजून अडकलेला होता आणि घरी पोचेपर्यंत माझी नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात होती.

घरी मी वहिनीसमोर सगळं सांगून टाकलं. ती पोळी लाटत होती. लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं.

"असं कसं होईल भावजी? मी रोज स्वतःच्या हातानं देते. पाण्याचा पेला घेऊन समोर उभी असते मी."

दादा खाली बघत होता. मग तो जे बोलला, ते ऐकून मला कोरडी उमासच आली. गोळी तो गालात धरायचा, वर पाणी प्यायचा आणि वहिनी वळली की बेसिनमध्ये थुंकायचा. मागच्याच आठवड्यात घरातलं बेसिन तुंबलं म्हणून मी पाईप उघडला होता. केसांच्या गुंतवळ्यात काहीतरी पांढरट, लिबलिबीत अडकलेलं होतं. साबण असेल असं समजून मी ते माझ्या बोटांनी काढलं होतं. ती त्याची थुंकलेली औषधं होती. बाबांनी ज्या वयात प्राण सोडला त्या वयाचा हा घोडा, आणि औषध थुंकतो!

"गरज सरो, वैद्य मरो," वहिनी एवढंच म्हणाली. ती रडली नाही. लाटणं जोरात आपटून तिने पोळी पुरी केली. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे. दोघांनीही. नाहीतर जेवायला त्याच हॉटेलात जा."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर आम्ही गेलो. आकडा जिथून निघाला होता तिथेच परत येऊन बसला होता. दादा म्हणाला, "मशीन बिघडलं असेल." मग बाईंनी विचारलं, गोळी का सोडली. दादाने मोकळेपणाने चोक, ॲसिड, बाबांचा नियम, सगळं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला.

"पाईप म्हटलं ती चूक माझी," त्या म्हणाल्या. "ऐका. ही गोळी पाइपात पडत नाही. ती स्वयंपाकघरात जाते. रक्तातलं हे कोलेस्टेरॉल बरंचसं तुमचं लिव्हरच तयार करतं. गोळी तिथे सांगते, कमी बनव, आणि रक्तात फिरतंय ते उचलून घे. तुम्ही गोळी थांबवली की स्वयंपाकघर पुन्हा जोरात सुरू. रिपोर्ट चांगला आला होता तो गोळी चालू होती म्हणून. तुमचं दुखणं संपलं म्हणून नव्हे."

दादा पुढे सरकून बसला.

"आणि थर जो आधीच बसलाय, त्याला ती शांत ठेवते. ॲटॅक बहुतेक वेळा कसा येतो माहीत आहे? थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट एकदम बंद होते."

हे मात्र दादाला लागलं. पाईप हळूहळू अरुंद होतो तेव्हा कुणी ओरडत नाही, आतली खपली सुटून वळणावर अडकली की स्वयंपाकघरात पूर येतो, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलंय? त्याने ओठ ओले केले. "म्हणजे गोळी घेतली तर ॲटॅक येणारच नाही?"

"तशी हमी मी देणार नाही. धोका कमी होतो, चांगला कमी होतो. वडील इतक्या लवकर गेले, तेव्हा तुम्हाला तर फायदा जास्तच. आणि खांदा दुखतोय म्हणता तो कोणता?"

"उजवा."

"गोळीचं दुखणं सहसा दोन्हीकडे असतं, ती उजवा-डावा असा भेद करत नाही. तुम्ही ओढता कुठल्या हातानं?"

दादाने उजवा हात हळूच मांडीखाली घेतला.

"खरंच गोळीनं दुखलं तर मला येऊन सांगायचं. डोस कमी करू, दुसरी देऊ. आपल्या मनानं बंद नाही करायची." मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सख्खे भाऊ ना? तुमचं रक्त तपासलंय कधी?"

मी हसलोच. "मॅडम, मी तेलाला शिवत नाही. उकडलेल्या भाज्या खातो. चरबीचा वाससुद्धा मला सहन होत नाही."

"याचं तपासा!" दादाला एकदम जोर आला. खुर्चीतून अर्धा उठला तो. "हा रक्त देणार असेल तर मी गोळी घेतो. नाहीतर नाही. मला अक्कल शिकवतो काय!"

मला वाटलं, किती स्वस्तात पटला. बाही वर केली. सुईने दुखलं नाही, पण आधीच्या माणसाचा कापूस टोपलीच्या काठाला लटकत होता. त्याच्याकडे बघत मी रक्त दिलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

माझा आकडा दादापेक्षा जास्त निघाला.

बाई बोलत होत्या ते मला दुरून ऐकू येत होतं. घराण्यातून आलंय. खाण्यापिण्याने थोडा फरक पडेल, पण एवढा नाही. तुम्ही बारीक आहात, पथ्यपाणी करता, चांगलंच आहे, ते चालू ठेवा. पण लिव्हर तुमचं वडिलांसारखंच आहे. तुम्हालाही गोळी लागेल. मी शेजारी पाहिलं. दादा आता टाळी वाजवून हसणार, साबण्या साबण्या म्हणून आख्ख्या धंद्यात दवंडी पिटणार, याची मी वाट बघत होतो. तो हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. स्वतःचा रिपोर्ट पाहून उतरला नव्हता इतका.

घरी जाऊन मी आंघोळ केली. मग पुन्हा केली. मानेला, काखेत, बेंबीत साबण घासला. पण जे होतं ते आत होतं, तिथे साबण कसा पोचणार? इतकी वर्षं मी दादाच्या हातांकडे, त्या मालकाच्या पोटाकडे नाक मुरडून पाहिलं. मला ठाम वाटायचं की चरबी ही घाणेरड्या माणसांना होते. जिभेचे चोचले पुरवणाऱ्यांना. आणि आता, वरून कीर्तन, आतून तमाशा. रोज सकाळी उकडलेल्या भाजीचा घास घेणाऱ्या माझ्या आत एक स्वयंपाकघर गुपचूप रात्रंदिवस तळण काढत होतं. डोळे मिटले की टाकीवरची साय दिसायची, आणि टाकी मी असायचो. मला माझीच शिसारी आली. हे शब्द मी विचार करून लिहितोय.

गोळी मी घेतली नाही. घेतली असती तर ती घाण माझी आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी दूध सोडलं, अंडं सोडलं, भाजीवरचं तेलाचं बोटही सोडलं. म्हटलं, मीच त्या स्वयंपाकघराला उपाशी मारतो. बाईंनी हे होणार नाही असं सांगितलं होतं, पण मी ऐकतो कुणाचं? गोळ्यांचं पाकीट मी माझ्या साबणाच्या डब्यात, वड्यांच्या खाली ठेवून दिलं. तिथे कुणी हात घालणार नाही याची मला खात्री होती.

दादा मात्र बदलला. फोनवर त्याने दुपारचा गजर लावला. तो वाजला की गोळी मला दाखवून, जादूगारासारखी दोन बोटांत धरून तोंडात टाकायचा. "मी घेतली. तू?" "घेतली," मी म्हणायचो. आचाऱ्याने बशी पुढे केली की "नको" म्हणायचा, आणि ती परत जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा. बिचारा. मला त्याची दया आली पाहिजे होती. आला राग, कारण त्याच्या प्रत्येक "तू?" ला मला खोटं बोलावं लागत होतं.

एकदा वहिनी कपडे भिजवता भिजवता म्हणाली, "हे स्वतःसाठी नाही घेत भावजी. स्वतःसाठी घ्यायची असती तर आधीच घेतली असती. तुम्ही घ्यावी म्हणून घेतात. परवा म्हणाले, याला काही झालं तर बाबांना काय तोंड दाखवू."

"मी घेतोय ना, वहिनी."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बादलीत हात घातला. पाण्यावर तेलाचा तवंग तरंगत होता.

आणि मग पुन्हा तो मालक. त्याचं ते "नंतर" आता आलं होतं. स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी, त्यावर पिवळे गोळे तरंगत होते, आचारी टेबलावर चढून बसलेला. पाणी उपसलं, पाईप मोकळा केला, उरली ती टाकी. साय इतकी घट्ट बसली होती की उलथणं मोडलं. हात घालावेच लागले. मी मोज्यांसकट कोपरापर्यंत आत, मोज्यांच्या वरून काहीतरी थंड आत झिरपत होतं. मी तोंडाने श्वास घेत होतो आणि तरी तो वास मला जिभेवर लागत होता. वाकलेला, घामेजलेला. दादा समोर बसून बादली धरत होता.

गजर वाजला.

"घेतलीस?" दादाने विचारलं.

"सकाळीच घेतली."

दादाने बादली खाली ठेवली. शर्टाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. ते माझं होतं. एकही गोळी फोडलेली नव्हती, आणि त्याच्या एका कोपऱ्याला माझ्याच साबणाचा पांढरा थर चिकटलेला होता.

"माझ्या डब्यात हात घातलास?" मी ओरडलो.

"साबण घ्यायला गेलो होतो."

"तू? साबण?"

"तुझी वहिनी म्हणाली, गोळी घ्यायची तर हात धुऊन घेत जा." त्याच्या ओठांवर हसू आलं नि लगेच गेलं. "चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, साबण्या. मी निदान गालात तरी धरायचो. तू तर तोंडापर्यंतसुद्धा आणली नाहीस."

"घेईन. नंतर घेईन. हे संपवतो, हात धुतो आणि..."

दादाने मान वळवली. दारात मालक उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, नाकाला रुमाल लावलेला. दादा पुन्हा माझ्याकडे वळला. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या पाठीवर होती, मानेवर, टाकीत बुडलेल्या हातांवर.

"असेच वाकले होते," तो म्हणाला. "अगदी असेच. मी असाच समोर बसलो होतो, बादली धरून. म्हणाले, जरा वेळानं बघू. आणि मी म्हटलं, बरं." त्याची मूठ पाकिटावर आवळली. "मी म्हटलं, बरं."

एवढ्या वर्षांत हे तो मला कधी बोलला नव्हता.

त्याने अंगठ्याने पाकीट फोडलं. अंगठा नखापर्यंत पिवळा, नखाखाली करडी रेघ. गोळी पांढरीशुभ्र होती. त्याच्या चिमटीत आल्याबरोबर तिला डाग पडला. मला स्पष्ट दिसला. पोटातून वर काहीतरी उसळलं आणि मी ते दातांमागे अडवलं. माझे दोन्ही हात अडकलेले. पण तोंड मिटता येत होतं. भिंतीपर्यंत मागे सरता येत होतं.

"तोंड उघड," दादा म्हणाला. ताप आला की लहानपणी म्हणायचा, त्याच आवाजात.

मी उघडलं.

त्याचा अंगठा माझ्या जिभेला लागला. शिळं तेल, लोखंड, कुणीतरी चघळून टाकलेलं काहीतरी, सगळं त्या अंगठ्यावर होतं. त्याखाली कुठेतरी औषधाची कडू चव. डोळ्यांतून पाणी आलं. मी पाण्याशिवाय गिळली.

"जीभ वर कर."

केली.

"गाल."

दाखवले. तो खाली वाकून, डोळे बारीक करून, जुन्या खोटारड्याच्या सगळ्या अनुभवाने माझ्या तोंडात बघत होता. मग त्याने स्वतःच्या पाकिटातली एक काढून गिळली आणि माझ्यासमोर आ वासला. "आता तू बघ."

किडलेली दाढ, पिवळे दात, सकाळच्या जेवणाचा अडकलेला कण. इतक्या जवळून मी हे कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. उद्या पाहावं लागणार, परवाही. मी दोन्ही गाल नीट पाहिले, जिभेखाली पाहिलं.

"गेली," मी म्हटलं. दादाने बादली उचलून पुढे धरली.